फरशीखालचा माल आणि घरातील हवा: हरित प्रमाणपत्रात टाईल्सचे ॲडहेसिव्ह का मोजले जाते

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘ग्रीन बिल्डिंग’ हे शब्द आता ठळकपणे दिसू लागले आहेत. पर्यावरणाच्या आस्थेबरोबर त्यामागे एक ठोस आर्थिक कारणही आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. मान्यताप्राप्त हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला या नियमावलीनुसार दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटई क्षेत्र मिळू शकते. म्हणजे प्रमाणपत्राचा संबंध थेट बांधकामाच्या चौरस फुटांशी आणि पैशांशी आहे. घर घेणारा मात्र गच्चीवरची सौर पॅनेल आणि पावसाचे पाणी मुरवण्याचा खड्डा पाहून समाधान मानतो. पायाखालची फरशी ज्या मालाने चिकटवली आहे, त्याचीही या मानांकनात परीक्षा होते, हे फारच थोड्या जणांना माहीत असते.

ही परीक्षा कशासाठी असते, तिच्यातील आकडे काय सांगतात आणि मराठवाड्यातल्या साध्या घरबांधणीला त्यांचा काय उपयोग आहे, हे या लेखात पाहू. भाजलेली टाईल हवेत जवळजवळ काहीच सोडत नाही. जे काही सुटते ते टाईलच्या खालून, सांध्यांतून आणि कडांमधून, म्हणजे जागेवर ओला लावलेल्या मालातून सुटते. म्हणूनच टाईलच्या खोक्यावरचे हिरवे चिन्ह पाहून संपूर्ण फरशी निर्धोक ठरवणे चुकीचे आहे.

## मानांकन देणाऱ्या तीन व्यवस्था

भारतात हरित इमारतींची मुख्यतः तीन मानांकने चालतात. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केलेली आणि हैदराबादला मुख्यालय असलेली आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) ही पहिली. ‘टेरी’ ही ऊर्जा व पर्यावरण संशोधन संस्था आणि केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी उभी केलेली, २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेलेली ‘गृहा’ ही दुसरी. तिसरे अमेरिकी ‘लीड’, जे निर्यातीशी किंवा परदेशी कंपन्यांशी व्यवहार असलेले कारखाने आणि कार्यालये विशेषकरून घेतात. पाणी, वीज, कचरा, जागेची निवड यांबरोबर या तिन्हींत घरातील हवेच्या दर्जालाही महत्त्व आहे आणि रंग, ॲडहेसिव्ह (चिकटवण्याचा माल), सीलंट (फटी बुजवण्याचा माल) यांतून होणाऱ्या उत्सर्जनावरच्या अटी त्याच भागात येतात.

## टाईलखाली रसायन आले कुठून

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शहाबादी फरशी सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली जात आली. हा दगड पाणी शोषतो. त्याच्या पाठीवर ओतलेला सिमेंटचा घोळ दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि वाळल्यावर घट्ट धरून ठेवतो. व्हिट्रिफाइड टाईलचे तसे नसते. ती इतक्या तापमानाला भाजलेली आणि इतकी दाट असते, की तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. सिमेंटचा घोळ तिला नीट धरत नाही. काही वर्षांत टाईल पोकळ वाजू लागते, भिंतीवरची असेल तर सुटूनही येते. दोन फूट बाय चार फुटांच्या मोठ्या टाईल्स आल्यावर ही अडचण आणखी वाढली. त्यामुळे मिस्त्री ज्याला सरसकट ‘केमिकल’ म्हणतात ते टाईल ॲडहेसिव्ह आता तालुक्याच्या गावातील दुकानांतही पोत्यांनी विकले जाते.

या पोत्यात मुख्यतः सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळू असते. चिकटपणा आणि लवचिकता यावी म्हणून थोडी पॉलिमरची भुकटी आणि पाणी लवकर उडून जाऊ नये म्हणून सेल्युलोजपासून केलेला एक पदार्थ त्यात मिसळलेला असतो. हे मिश्रण पाण्यात कालवून वापरतात आणि त्यातून उडून जाणारे रसायन अत्यल्प असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, म्हणून आताच स्पष्ट करतो. टाईल्सच्या कामात सर्वांत जास्त वापरला जाणारा माल बहुधा सर्वांत कमी त्रासाचा असतो.

त्रासदायक ठरू शकणारा माल त्याच्या आजूबाजूला असतो. जुन्या टाईलवर नवी टाईल लावताना पकड यावी म्हणून मारलेला प्रायमर, बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये लावलेले पॉलियुरेथेनचे वॉटरप्रूफिंग, डब्यात तयार मिळणारे पेस्टसारखे ॲडहेसिव्ह, टाईल्सच्या सांध्यांत भरायचे इपॉक्सीचे ग्राउट, कमोड व बेसिनच्या कडेला भरलेले सिलिकॉन आणि दगडी फरशीवर चमक यावी म्हणून शेवटी मारलेला सीलर, हे सर्व त्यात येते. हे पदार्थ किलोंच्या हिशोबात थोडे असतात, पण त्यांतील काही टोल्युइन, झायलिनसारख्या द्रावकांत बनवलेले असतात. द्रावक म्हणजे पदार्थ पातळ ठेवणारे द्रव. काम झाले की ते हवेत उडून जावे याच हेतूने ते त्यात घातलेले असते.

## व्हीओसी म्हणजे काय

साध्या तापमानाला वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या कार्बनयुक्त रसायनांना व्हीओसी म्हणतात. हे एकाच पदार्थाचे नाव नाही, तो शेकडो पदार्थांचा गट आहे. संत्र्याच्या सालीतून येणारा वासही व्हीओसीच असतो आणि रंगाच्या थिनरचा वासही. त्यामुळे ‘व्हीओसी आहे’ एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. कोणते आहे, किती आहे, किती दिवस सुटत राहते आणि माणूस त्या हवेत किती तास बसतो, या चार गोष्टींवर परिणाम ठरतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे, दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढणे हे जवळचे परिणाम आहेत. बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइड यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केलेला आहे.

## साठा वेगळा आणि उपसा वेगळा

या विषयातील सर्वांत मोठा गोंधळ दोन मोजमापांमुळे होतो, म्हणून येथे थोडे थांबू. विहिरीत पाणी किती साठले आहे ही एक गोष्ट आणि मोटर तासाला किती पाणी बाहेर टाकते ही दुसरी. भरलेली विहीर असूनही मोटर लहान असेल तर शेतात पाणी थोडेच येते, आणि विहीर उथळ असली तरी मोठी मोटर दोन तास शेत तुंबवू शकते. ॲडहेसिव्हमधील व्हीओसीचे प्रमाण म्हणजे विहिरीतला साठा, आणि लावल्यानंतर त्यातून दर तासाला सुटणारे व्हीओसी म्हणजे उपसा.

साठा ग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात. सिरॅमिक टाईलच्या ॲडहेसिव्हसाठी तो ६५ ग्रॅम प्रति लिटरपेक्षा अधिक नसावा, ही मर्यादा आयजीबीसीच्या तक्त्यातही आहे आणि लीडमध्येही. तिचे मूळ कॅलिफोर्नियात आहे. लॉस एंजेलिस परिसरातील हवेचे नियमन करणाऱ्या प्राधिकरणाच्या ११६८ क्रमांकाच्या नियमातून हा आकडा जगभर गेला.

तो नियम मुळात घरातील हवेसाठी केलेला नव्हता. लॉस एंजेलिसच्या आकाशात उन्हामुळे तयार होणारे धूरकट धुके कमी करणे हा त्याचा हेतू होता. द्रावकांची वाफ, वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची संयुगे आणि सूर्यप्रकाश यांच्या क्रियेतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. जी रसायने या क्रियेत फारसा भाग घेत नाहीत, त्यांना अशा नियमांच्या मोजणीतून वगळले जाते. ॲसिटोन हे त्यांचे ठळक उदाहरण. ॲसिटोनची वाफ बंद खोलीत नाकातोंडात जातेच, पण ग्रॅम प्रति लिटरच्या आकड्यात ती दिसत नाही. म्हणून ‘व्हीओसी कमी’ असे लिहिलेला डबा उघडल्यावर डोके जड होऊ शकते, आणि तरीही लेबल खोटे नसते. या उणिवेमुळेच पुढे साठ्याच्या जोडीला उपसा मोजण्याची, म्हणजे उत्सर्जन चाचणीची अट आली.

साठ्याच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. ६५ ची मर्यादा पाणी वजा करून लावली जाते. समजा, तयार पेस्टच्या एका लिटरमध्ये ३० ग्रॅम व्हीओसी आणि ६०० मिलिलिटर पाणी आहे. सरळ पाहिले तर हा आकडा ३० ग्रॅम प्रति लिटर दिसतो. पण पाणी वगळल्यावर ४०० मिलिलिटर उरते. तेच ३० ग्रॅम त्या ४०० मिलिलिटरवर मोजले तर ७५ ग्रॅम प्रति लिटर होतात आणि माल मर्यादेबाहेर जातो. पाणी घालून आकडा लहान दाखवता येऊ नये, यासाठी ही रीत आहे. माहितीपत्रकावरचा आकडा पाण्यासह आहे की पाण्याशिवाय, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

## दहा बाय बाराची खोली

उत्सर्जन मोजताना ॲडहेसिव्हचा थर काचेसारख्या निष्क्रिय पट्टीवर लावून एका बंद पेटीत ठेवतात, त्या पेटीतून स्वच्छ हवा ठरलेल्या वेगाने फिरवतात आणि बाहेर येणाऱ्या हवेत काय मिसळले आहे ते तपासतात. मिळालेल्या आकड्यावरून खऱ्या खोलीतील हवा कशी असेल, याचा हिशोब केला जातो. युरोपीय मानकात ही कल्पित खोली ३० घनमीटरची आणि १२ चौरस मीटर फरशीची असते. आपल्याकडची दहा फूट बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली जवळपास एवढीच भरते. दर तासाला खोलीतील निम्मी हवा बदलते, असे त्यात धरलेले असते.

जर्मनीतील ‘एमिकोड’ हे चिन्ह मुख्यतः फरशी बसवण्याच्या मालासाठी आहे आणि आयात केलेल्या काही पोत्यांवर ते दिसते. त्यातील ‘ईसी१ प्लस’ या वरच्या वर्गासाठी एकूण व्हीओसी तीन दिवसांनंतर ७५० आणि २८ दिवसांनंतर ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत असावे लागते. साध्या ‘ईसी१’साठी हेच आकडे १,००० आणि १०० आहेत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

या ६० च्या आकड्याचा अर्थ असा. खोलीत ३० घनमीटर हवा आणि तासाला निम्मी हवा बदलते, म्हणजे तासाला १५ घनमीटर ताजी हवा आत येते. तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये ६० मायक्रोग्रॅम मिसळलेले राहायचे, तर संपूर्ण फरशीतून तासाला ९०० मायक्रोग्रॅम सुटायला हवेत, म्हणजे दर चौरस मीटरमधून ७५. आता हीच खोली खिडक्या लावून, एसी चालू ठेवून बंद केली आणि तासाला निम्म्याऐवजी केवळ एक दशांश हवा बदलू लागली, तर ॲडहेसिव्ह तेच आणि फरशीही तीच असूनही हवेतील प्रमाण ६० वरून ३०० वर जाते. माल कमी उत्सर्जनाचा असणे आणि खोली हवेशीर असणे, यांपैकी एकच अट पाळून काम भागत नाही, हे या गणितातून दिसते.

लीडमध्ये प्रामुख्याने कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची चाचणी चालते. तिच्यात नमुना दहा दिवस मुरवून पुढचे चार दिवस पेटीत ठेवतात आणि चौदाव्या दिवसाच्या मोजणीवरून निकाल देतात. एकूण आकड्यावर न थांबता फॉर्मल्डिहाइडसारख्या विशिष्ट पदार्थांच्या स्वतंत्र मर्यादा तपासल्या जातात, हे तिचे वैशिष्ट्य आहे. फॉर्मल्डिहाइडसाठी ती ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. तुलनेसाठी सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेने अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी घातलेली मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. एका सामग्रीच्या वाट्याला इतका थोडा भाग यासाठी, की त्याच खोलीत प्लायवूड, रंग आणि पडदेही असतात.

लीडच्या ४.१ आवृत्तीत ॲडहेसिव्ह आणि सीलंटपैकी किमान ७५ टक्के माल उत्सर्जन चाचणीत उतरावा लागतो, आणि साठ्याच्या मर्यादेत मात्र १०० टक्के माल बसावा लागतो. साइटवर दोनशे पोती उत्तम ॲडहेसिव्ह वापरले आणि घाईच्या वेळी बाजारातून द्रावकाचा एक डबा आणला, तर कागदोपत्री सारा हिशोब त्या डब्यापाशी अडतो. सरासरी काढून दाखवण्याची सोय असली, तरी तिच्यासाठी प्रत्येक डब्याची नोंद लागते आणि ती ठेवण्याची सवय आपल्या साइटवर क्वचितच आढळते.

## चाचणी २३ अंशांची, मे महिना ४२ अंशांचा

या सर्व चाचण्या साधारण २३ अंश सेल्सिअसला होतात. परभणी, नांदेड, बीड भागांत मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ च्या वर जाणे नवे नाही, आणि वरच्या मजल्यावरील स्लॅबखालच्या खोलीत रात्रीही उकाडा हटत नाही. तापमान वाढले की रसायनांची वाफ वेगाने होते. टोल्युइनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याचा जोर, २० अंशांपेक्षा ४० अंशांना अडीच पटींहून अधिक असतो. म्हणून प्रयोगशाळेतील आकडा आपल्या उन्हाळ्याला जसाच्या तसा लावणे योग्य नाही. मर्यादेच्या काठावर उतरलेला माल आणि मर्यादेच्या खूप आत असलेला माल यांत निवड करायची झाल्यास मराठवाड्यात दुसराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्याला दुसरी बाजूही आहे. साठा ठरावीक असल्यामुळे उष्णतेत तो लवकर सरतो. खिडक्या उघड्या ठेवून घर महिनाभर रिकामे ठेवता आले, तर तोच उन्हाळा राहणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो. मात्र खिडक्या बंद ठेवून घर तापू दिले, तर फरशीतून सुटलेली वाफ भिंतींच्या गिलाव्यात, प्लायवूडमध्ये आणि गाद्यांत मुरते आणि पुढे कित्येक आठवडे तेथून परत बाहेर येत राहते.

उन्हाचा आणखी एक परिणाम थेट मिस्त्रीच्या पाटीत होतो. पसरलेल्या ॲडहेसिव्हवर टाईल ठेवण्यासाठी मिळणारा अवधी प्रमाणित चाचणीत वीस मिनिटांचा किंवा काही प्रकारांत तीस मिनिटांचा असतो. कडक उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात तो बराच घटतो. माल सुकू लागला की त्यात पुन्हा पाणी घालून कालवणे, किंवा हाताशी असलेले दुसऱ्या कंपनीचे लॅटेक्स (पातळ पॉलिमर) ओतणे, हे अनेक साइटवर सर्रास चालते. पहिल्या प्रकारात पकड जाते. दुसऱ्या प्रकारात पकडीचा प्रश्न उरतोच, शिवाय प्रमाणपत्रही निरर्थक ठरते, कारण चाचणी झाली होती ती पोत्यातली भुकटी आणि सांगितलेले पाणी यांच्या मिश्रणाची. यावर उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर करावे, एका वेळी थोडाच माल कालवावा आणि टाईल व पृष्ठभाग सावलीत ठेवावेत.

## ‘टाईलखाली दडलेले रसायन वर येईलच कसे?’

हा आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे. दाट टाईल हा चांगला अडसर असतो आणि खालचा माल सांध्यांतून व कडांतून हळूहळूच श्वास सोडतो. चाचणीत थर उघडा ठेवला जात असल्यामुळे तिचा निकाल या बाबतीत वास्तवापेक्षा कडक असतो. पण ग्राउट, सिलिकॉन आणि सीलर हे उघडेच असतात. आणि काम चालू असतानाचे तास टाईलने झाकलेले नसतात. बाथरूमसारख्या छोट्या खोलीत वाकून, जमिनीपासून हातभर अंतरावर नाक ठेवून मिस्त्री आणि त्याचा मदतनीस दिवसभर तीच हवा घेतात. द्रावकांची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती तळाशीच साचते. कमी उत्सर्जनाच्या अटीचा पहिला लाभ घरमालकाच्या आधी या कामगारांना होतो, आणि माझ्या दृष्टीने ही अट पाळण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. कमी उत्सर्जनाचा माल हाताळायलाही सुरक्षित असतो, असे मुळीच नाही. इपॉक्सी ग्राउटमध्ये द्रावक जवळजवळ नसले, तरी त्यातील रेझिन आणि हार्डनर कातडीला लागल्यास अशी ॲलर्जी जडू शकते की त्या कामगाराला पुढे ते काम करणेच अशक्य होते. ओल्या सिमेंटनेही हात फुटतात. ग्राउटचे डाग काढायला फरशीवर ओतले जाणारे ॲसिड आणि टाईल कोरडी कापताना उडणारी सिलिकाची धूळ व्हीओसीच्या हिशोबात येतच नाहीत, पण फुफ्फुसाला दोन्ही घातक आहेत. हातमोजे, मास्क आणि पाणी सोडून कापणी यांना हरित प्रमाणपत्र पर्याय ठरत नाही.

## ‘वास गेला म्हणजे धोका गेला’

नाक हे या बाबतीत भरवशाचे साधन नाही. सिलिकॉनचे उदाहरण घेऊ. एका प्रकारचे सिलिकॉन घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडते. त्याचा व्हिनेगरसारखा उग्र आंबूस वास नाकात भरतो, पण थोड्या दिवसांत तो निघून जातो. दुसऱ्या, कमी वासाच्या एका प्रकारातून ऑक्झिम गटातील रसायन सुटते आणि त्यांतील एकाला युरोपीय महासंघाने कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केले आहे. वासावरून निवड करणारा ग्राहक नेमका उलटा निर्णय घेण्याची शक्यता असते. सुगंध मिसळलेल्या मालाबाबतही तोच धोका आहे.

## ‘आमची घरे मुळातच हवेशीर असतात’

जुन्या माळवदाच्या घरांबद्दल हे म्हणता आले असते. त्यांत शेणाने सारवलेली जमीन, मधला चौक आणि धाब्यातले झरोके होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या घरांनी जे जीव घेतले, त्यानंतर लोकांनी सिमेंट काँक्रीटची वाट धरली, आणि ते योग्यच झाले. पण बंद सरकत्या खिडक्यांच्या आजच्या सदनिकेत हवा आपोआप बदलत नाही. उन्हाळ्यात कोणते यंत्र चालू आहे यावरही बरेच अवलंबून असते. खिडकीत लावलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, त्यामुळे नव्या घरात तो हवेच्या दृष्टीने लाभाचा ठरतो. भिंतीवरचा एसी बहुधा आतलीच हवा फिरवत राहतो.

## ‘मग फर्निचर आणि पॉलिशचे काय?’

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक घरांत प्लायवूडची कपाटे, स्वयंपाकघरातील ट्रॉली, लाकडावरचे पॉलिश आणि सुतारकामातील काही द्रावकयुक्त चिकटपदार्थ यांचा वाटा सिमेंटच्या ॲडहेसिव्हहून मोठा असतो. मर्यादित पैशांत एकाच ठिकाणी काळजी घ्यायची असेल, तर ती आधी तेथे घ्यावी. टाईल्सच्या कामात मात्र योग्य निवडीसाठी वेगळा खर्च सहसा करावाच लागत नाही, कारण पाण्यात कालवण्याचे सिमेंटचे ॲडहेसिव्ह आणि सिमेंटचेच ग्राउट बहुधा मर्यादेत असतात. उरतो प्रायमर, वॉटरप्रूफिंग, सीलर आणि सिलिकॉन. या चौघांचे पाण्यावर आधारलेले किंवा द्रावकविरहित प्रकार मागून घेता येतात. पकडीशी तडजोड होईल, ही भीतीही अनाठायी आहे. ॲडहेसिव्हच्या ताकदीसाठी आयएस १५४७७ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे आणि त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत पाच प्रकार दिलेले आहेत. आधी टाईलच्या आकाराला आणि जागेला योग्य तो प्रकार ठरवावा, मग त्या प्रकारातले कमी उत्सर्जनाचे उत्पादन निवडावे.

## घरात राहायला जाण्याआधी किती थांबावे

टाईल्स, सीलर आणि सिलिकॉन ही कामे शेवटी होतात. अक्षय्य तृतीयेचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून ती घाईने उरकली जातात आणि वास्तुशांतीच्या दिवशी साऱ्या मालाचे उत्सर्जन सर्वांत जास्त असते. लीडमध्ये राहायला येण्यापूर्वी इमारत ताज्या हवेने धुऊन काढण्याचा एक पर्याय आहे. त्यात दर चौरस फूट जागेमागे १४,००० घनफूट बाहेरची हवा आत सोडावी लागते. नऊ फूट उंचीच्या खोलीत याचा अर्थ हवा साधारण १,५५५ वेळा बदलणे. तासाला एकदा हवा बदलली तर ६५ दिवस लागतात. समोरासमोरच्या खिडक्या उघडून आणि पंखा लावून तासाला पाच वेळा बदलली, तर सुमारे १३ दिवसांत तेवढी हवा जाते. साध्या घराला ही अट लागू नाही, पण हिशोब उपयोगी आहे. खिडक्या सताड उघड्या ठेवून दोन-तीन आठवडे थांबणे हे सर्वांत स्वस्त साधन आहे. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा दमेकरी असेल तर मुहूर्त साधून पूजा करून घ्यावी आणि मुक्काम मागाहून हलवावा.

## कोणता कागद मागावा

पोत्यावर छापलेले झाडाचे पान, पृथ्वीचा गोळा किंवा ‘इको’ हा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते कंपनीने स्वतःच छापलेले असू शकते. मागायचा तो चाचणी अहवाल. त्यावर उत्पादनाचे पूर्ण नाव, चाचणीची पद्धत, तारीख आणि अधिस्वीकृत प्रयोगशाळेचे नाव हवे. भारतातील प्रयोगशाळा असेल तर एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता पाहावी. भारतीय उद्योग महासंघाच्या केंद्राचे ‘ग्रीनप्रो’ हे चिन्ह बाहेरच्या तपासणीनंतर मिळते, म्हणून ते कंपनीच्या स्वतःच्या दाव्याहून वजनदार मानावे, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना हे पाहावे. ग्रॅम प्रति लिटरचा आकडा असेल तर तो साठा, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरचा असेल तर उत्सर्जन. दोन्ही असतील तर उत्तम.

सदनिका घेणाऱ्याने बिल्डरला ‘प्रमाणपत्र आहे का’ एवढेच विचारू नये. मिळालेले प्रमाणपत्र काम सुरू होण्यापूर्वीचे तात्पुरते आहे की इमारत पूर्ण झाल्यानंतरचे अंतिम, हे विचारावे. ॲडहेसिव्ह, प्रायमर, वॉटरप्रूफिंग आणि सीलंट यांच्या नावांची यादीही मागावी. स्वतःचे घर बांधणाऱ्याने हीच चार नावे गुत्तेदाराबरोबरच्या करारात लिहून घ्यावीत. त्यापुढे ‘किंवा तत्सम’ हे शब्द येऊ देऊ नयेत, कारण दुकानात तो माल संपलेला असला की बदली डबा याच दोन शब्दांच्या आधाराने साइटवर येतो. रिकामे पोते किंवा डबा फेकण्याआधी त्यावरील नाव आणि बॅच क्रमांक यांचा फोटो मिस्त्रीकडून घेऊन ठेवावा. टाईल्स एकदा बसल्यावर खाली काय लावले आहे, हे दाखवणारा पुरावा त्या फोटोशिवाय सहसा हाती राहत नाही.